पुसलेला खांब

९ मार्च

काम मिळालं. ग्रॅव्हॉय रस्त्यावरची विटांच्या जुन्या इमारतींची एक अख्खी रांग रसेल हॉक नावाच्या माणसानं विकत घेतली आहे. त्या नीटनेटक्या करून भाड्यानं द्यायच्या आहेत, आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरसाठी त्याला दर महिन्याला त्या रांगेचा एक फोटो हवाय. जागा तीच, चौकट तीच, फक्त झाडं आणि आकाश बदलणार. फोटो एमेट काढेल, साफसफाई मी करेन. वर्तमानपत्राचा फोटो विभाग बंद झाल्यापासून आमची वाटणी अशीच आहे. त्याचं काम रस्त्यावर, माझं स्क्रीनसमोर. स्टुडिओच्या दारावर दोघांची आडनावं आहेत, टॉलिव्हर आणि डिअर्कस. त्याचं आधी, कारण दार त्यानं रंगवलं.

हॉकच्या सूचना स्पष्ट आहेत. तारा नकोत, विजेचे खांब नकोत, कचऱ्याचे डबे नकोत. कोपऱ्यावरच्या इमारतीला लागून रिकामा प्लॉट आहे, तो हिरवागार दिसला पाहिजे. सध्या तिथे पिवळं खोदाईयंत्र उभं आहे. भाडेकरूंच्या गाड्यांसाठी तो तळघर खणतोय. यंत्र, मातीचा ढीग आणि कुंपण पुसायला अर्धी दुपार गेली. गवत मी पलीकडच्या बागेच्या फोटोतून आणलं.

मार्चचा फोटो चांगला आला आहे. विटांच्या ओळी पट्टीनं आखल्यासारख्या.

२१ मार्च

एमेटच्या हातून स्टुडिओच्या जिन्यावर लेन्स पडली. ती आमची सगळ्यात चांगली लेन्स, इमारतींसाठी घेतलेली.

"काही झालं नाही," तो म्हणाला.

हातून वस्तू पडली की प्रत्येक जण हेच म्हणतो.

१४ एप्रिल

एप्रिलचा फोटो आला. माझी सवय अशी की आधी खांब आणि तारा पुसायच्या, मग रेषा बघायच्या. पसारा असला की मला रेषा दिसत नाहीत. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या उजव्या कडेपलीकडे एक लाकडी खांब आहे. तो पुसला, मागे आकाश भरलं, आणि मग दिसलं की ती कड वरच्या मजल्याशी किंचित बाहेर आली आहे. फुगवटा काढायचा स्लायडर सरकवला, तर उजवी कड सरळ झाली, पण डावीकडची इमारत कंबर आवळल्यासारखी आत गेली. म्हणजे दोष फक्त एका बाजूला. लेन्समधली एखादी काच जागची हलली की असंच होतं.

फोन केला.

"एमेट, लेन्स तपासून घेतलीस का?"

"कशाला?"

"उजवीकडे फुगतंय."

"रोझ, तेवढी कड आहे तशी राहू दे. या वेळी सरळ करू नकोस."

"का?"

"मला वाटतं, ती तशीच आहे."

ती तशीच आहे म्हणे. शंभर वर्षं ताठ उभी असलेली भिंत, आणि याच्या हातून लेन्स पडल्यावर नेमका तिला बाक आला. स्वतःची चूक विटांच्या माथी मारायची ही नवीच तऱ्हा. कड ओढून सरळ केली आणि फोटो हॉकला पाठवला.

३ मे

आज मुद्दाम त्या जागी गेले. एमेटनं पदपथावर ट्रायपॉडच्या पायांसाठी पांढरे ठिपके मारून ठेवलेत. तिथे उभी राहून इमारतीकडे बघितलं. काही कळलं नाही. खालून बघितलं की सगळ्याच इमारती मागे रेललेल्या दिसतात. नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवता आला असता तर आम्हाला असली लेन्स लागलीच नसती.

मग तळमजल्यावरच्या दुकानात शिरले. फहिरा नावाची बॉस्नियन बाई ते चालवते. मांस भरलेले पापुद्र्याचे बुरेक, कबाब, कॉफी. वरच्या मजल्यावर ती आणि तिचे सासरे राहतात. सासऱ्यांना ती बाबो म्हणते, म्हणून सगळे गिऱ्हाईकही बाबोच म्हणतात.

दार उघडेना. आतून फहिरा ओरडली, "ढकला. जोरात. खांदा लावा खांदा."

"हे कधीपासून?"

"थंडी संपल्यापासून. मालक म्हणतात लाकूड फुगतं. दोनदा रंधा मारून घेतला. पावाला नसेल इतकी फुगायची हौस या दाराला."

मी कॉफी मागितली आणि ओळख काढावी म्हणून, इथले सगळे विचारतात तसं, विचारलं की हायस्कूल कुठलं.

"झ्वोर्निक, बॉस्निया," ती म्हणाली. "या प्रश्नाला मी नेहमी खरं उत्तर देते. मग पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही."

बाबो खिडकीशी बसले होते. ते त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. "म्हणतात, घर कण्हतंय," फहिरानं सांगितलं. म्हाताऱ्यानं युद्ध पाहिलंय, त्याला काय काय ऐकू येत असेल कोण जाणे.

तेवढ्यात आतल्या जिन्यावरून एमेट खाली आला. हातात चिकटपट्टीचं रीळ. मला बघून दचकला.

"तू वर काय करत होतास?"

"भिंतीला पट्टी लावत होतो. भेगेवर."

"कशासाठी?"

"तुटते का बघायला."

फहिरा खाली मान घालून कप पुसत राहिली. दोघांपैकी एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. सुटीच्या दिवशी हा माणूस दुसऱ्याच्या घरातल्या भिंतींना पट्ट्या चिकटवतो, आणि भागीदारणीला त्याचा पत्ता नाही. यात काहीतरी आहे.

१९ मे

मेच्या फोटोत फुगवटा वाढलाय. सरळ केला. खोदाईचा खड्डा आता इमारतीच्या पायाला भिडला आहे. त्यावर गवत चढवायला जास्त वेळ लागला.

एमेटनं फोटोसोबत निरोप पाठवला होता : "उजवीकडे हात लावू नकोस. प्लीज."

'प्लीज' त्यानं यापूर्वी कधी लिहिल्याचं आठवत नाही.

५ जून

त्याच्या बॅगेत लेन्स नव्हती. तो खाली गाडीत सामान ठेवायला गेला तेव्हा मी बघितलं. लेन्सच्या कप्प्यात टोपी कोंबलेली.

दुपारी मॅपलवुडला जायचं होतं. तिथे जुन्या कॅमेऱ्यांचा धंदा करणाऱ्याच्या दारात एमेटची गाडी उभी. मी पलीकडच्या बाजूला थांबले. तो हात हलवत बाहेर आला.

वर्तमानपत्रात बनावट फोटो पकडायचं काम माझ्याकडे होतं. आलेला प्रत्येक फोटो खोटा आहे असं धरून चालायचं आणि मग तो खरा ठरतो का बघायचं. संशय हा माझ्या पगाराचा भाग होता. तो पगार बंद झाला, पण डोळा तसाच राहिला. लेन्स बिघडली हे त्याला कळलंय. ती विकून दुसरी कुठली तरी स्वस्तातली वापरायची आणि मला भिंतीची गोष्ट सांगायची, असा हिशेब दिसतो.

९ जून

लेन्स परत आली. "दाखवून आणली," एमेट म्हणाला. "तो म्हणतो एकदम ठीक आहे."

"कोण तो?"

"मॅपलवुडचा. मलाही आधी लेन्सचाच संशय होता, रोझ. म्हणून तर नेली."

उत्तर तयार होतं. न विचारता दिलेलं उत्तर मला नेहमीच जरा जास्त पॉलिश केलेलं वाटतं.

१७ जून

सकाळी हॉकचा फोन आला. आवाजात साखर.

"मिसेस डिअर्कस, तुमचा तो टॉलिव्हर माझ्या भाडेकरणीला कसला फोटो दाखवतोय? त्यात माझी भिंत गरोदर दिसते."

"लेन्स पडली होती त्याच्या हातून," मी म्हटलं. "एका बाजूला दोष येतो. कॅलेंडरसाठी पाठवलेल्या फोटोंत सगळं ठीक केलंय."

"म्हणजे दोष लेन्सचा."

"हो."

"हे मी तिला सांगितलं तर चालेल? बाई उगाच घाबरून बसलीय."

"खरं सांगायला कसली हरकत?"

त्यानं माझे आभार मानले आणि कॅलेंडर झालं की दुसऱ्या रांगेचं कामही आम्हालाच देईन म्हणाला. फोन ठेवल्यावर मनात आलं की फहिराला भाडं कमी करून हवं असणार. वाकड्या भिंतीचा फोटो दाखवला की मालक नमतो. एमेटला भिडेनं नाही म्हणता आलं नसेल. किंवा भीडही नसेल, दुसरंच काही असेल. त्या बाईचा नवरा वारलाय आणि एमेटची बायको केव्हाच सोडून गेली.

१२ जुलै

छायेतसुद्धा पारा शंभर फॅरनहाइटच्या वर. स्टुडिओतला पंखा गरम हवा फिरवतो. रेडिओवर कार्डिनल्सचा बेसबॉलचा सामना लावला आणि आवाज बंद करून टाकला, हरतच होते.

दुपारी फहिराच्या दुकानात गेले. आता दाराची खालची कडही फरशीला घासते. आत भिंतीवर आमचा जूनचा फोटो, चौकटीत. माझ्या हातचं स्वच्छ आकाश, माझ्या हातचं गवत, आणि उजवी कड सुरीनं कापल्यासारखी.

"मालकांनी आणून दिला," फहिरा म्हणाली. "म्हणाले, याकडे बघ आणि निवांत झोप."

मला बरं वाटलं. आपलं काम कोणी भिंतीवर टांगलं की वाटतंच.

तिनं कॉफी आणली. नेहमीसारखी गिऱ्हाइकांकडे वळली नाही, समोर बसली.

"रोझमेरी, एक विचारू? तुम्ही ही इमारत रोज बघता. एकेक वीट बघत असाल. बाबोंची खाट त्या बाजूच्या भिंतीला लागून आहे. एमेट म्हणतात हलवा. मालक म्हणतात काही गरज नाही. म्हाताऱ्यांना दुसरीकडे झोप लागत नाही, रुसून बसतात. तुम्हीच सांगा. घाबरण्यासारखं आहे का काही?"

"नाही," मी म्हटलं. "लेन्स बिघडली होती. एवढंच."

तिनं मोठा श्वास सोडला. कॉफीचे पैसे घेईना. बाबोंना तिनं त्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

१५ ऑगस्ट

भांडण झालं. आमची भांडणं शांतपणे होतात, त्यामुळे जास्त वेळ चालतात.

त्यानं ऑगस्टचा फोटो माझ्या टेबलावर ठेवला, पण हात वरून काढला नाही.

"सरळ करणार नसशील तरच देतो."

"हॉकनं सरळ मागितलाय."

"त्यानं गवतही मागितलंय. गवत लाव. फुलं लाव. पण ती कड सोड."

"मागच्या ठिपक्यांवरच उभा होतास?"

"त्याच ठिपक्यांवर."

"लेन्स तीच?"

"तीच. रोझ, तू एकदा जाऊन बघ ना."

"गेले होते. काही दिसलं नाही."

"वर गेलीस? त्यांच्या खोलीत? तिथल्या पट्ट्या बघितल्यास?"

"मी लोकांच्या झोपायच्या खोल्यांत शिरत नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं हात काढून घेतला. "नगरपालिकेला फोन केला होता मी. ते म्हणाले, तक्रार राहणाऱ्यानं करायला हवी. फहिरा आता करत नाही. कोणीतरी तिला सांगितलंय की सगळं ठीक आहे."

तो गेल्यावर मी कड सरळ केली. या वेळी एवढी ओढावी लागली की विटा ताणल्यासारख्या दिसायला लागल्या आणि एकेक ओळ हातानं पुन्हा बसवावी लागली.

२८ ऑगस्ट

ठरवलं. भागीदारी मोडायची. वकिलाकडे जाण्याआधी पुरावा तयार ठेवायचा. महिन्यागणिक लेन्स कशी बिघडत गेली ते एका दृष्टिक्षेपात कळलं पाहिजे, म्हणजे एमेटला तोंड उघडायला जागा राहणार नाही. माझे दुरुस्त केलेले फोटो यात उपयोगाचे नाहीत. त्याच्या मूळ फायली काढाव्या लागतील.

३० ऑगस्ट, शनिवार

सकाळी लवकर स्टुडिओत येऊन बसले. मार्चपासूनच्या सगळ्या मूळ फायली उघडल्या आणि एकावर एक थर लावले, प्रत्येक अर्धा पारदर्शक. डावीकडची इमारत डावीकडच्या इमारतीवर बसवली. बसली. पदपथ पदपथावर बसला. माणूस ठिपक्यांवर उभा राहत होता एवढं तरी खरं.

मग उजवीकडे गेले. चौकटीच्या उजव्या टोकाला खांब होता. तो मी इतक्या वेळा पुसलाय, पण नीट बघितला कधी नव्हता. लेन्स बिघडली असेल तर सगळ्यात जास्त वाक खांबाला यायला हवा, कारण तो कडेच्याही बाहेर आहे. सहा महिन्यांचे सहा खांब एकमेकांवर पडून एकच खांब झाला होता. सरळ.

आणि खांबाच्या डावीकडे, पत्त्यांचा कॅट हातात पसरावा तशा, भिंतीच्या सहा कडा. मार्चमध्ये खांब आणि भिंतीच्या मधून रुंद आकाश दिसत होतं. ऑगस्टमध्ये तिथून चिमणी गेली नसती.

आधी मला वाटलं, खांबच सरकला असेल. त्याच्यामागे दूरवर चर्चचं शिखर होतं, ते खांबाशी ताडून पाहिलं. दोघांत काही बदल नव्हता.

मग दुसरं काही उरलं नाही. लेन्स ठीक होती. भिंत चालत होती.

घड्याळाकडे बघितलं. शनिवारी या वेळी फहिराकडे रांग लागते. एमेटला फोन लावला.

"खांब सरळ आहे," मी म्हटलं.

त्यानं काहीही विचारलं नाही. "मी अग्निशमन दलाला कळवतो," तो म्हणाला. "तू लॅपटॉप घेऊन तिकडे ये."

३१ ऑगस्ट

काल पुढचं लिहिणं झालं नाही. आता सगळं क्रमानं लिहिते.

मी पोचले तेव्हा एमेट दारात उभा राहून गिऱ्हाइकांना हातातल्या पिशव्यांसकट रस्त्यापलीकडे पाठवत होता. काही जण कुरकुरत होते. एका माणसाचं म्हणणं, त्याचा कबाब अजून तव्यावर आहे.

"मिळेल, मिळेल," एमेट म्हणाला. "आधी पलीकडे जा, मग कबाबावर रडा."

लाल गाडी आली. मागोमाग नगरपालिकेच्या इमारत तपासनीस आल्या, पेटिग्रू नावाच्या, चष्मा केसांत खोवलेल्या. त्यांच्या पाठोपाठ हॉक. गोल्फ अर्धवट टाकून आला होता, एका हातात मोजा तसाच. मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडून त्या बाईंना एकावर एक लावलेले फोटो दाखवले.

हॉकनं फोन पुढे केला. त्यावर जुलैचा फोटो. माझाच.

"हे बघा. हिनंच पाठवलंय. हिनंच मला सांगितलं की लेन्स बिघडलीय. आज तीच बाई म्हणते भिंत वाकली. हे लोक पोटापाण्यासाठी फोटो बदलतात, मॅडम. काल सरळ करून पैसे घेतले, आज वाकडं करून कोणाकडून घेतले ते त्यांनाच माहीत."

पेटिग्रूबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एकदा फोन बघितला, एकदा लॅपटॉप.

"यातला खरा कुठला?"

"वाकडा," मी म्हटलं.

"आणि हा सरळ?"

"तो मी केला."

"मग वाकडाही तुम्हीच केला नसेल कशावरून?"

वर्तमानपत्रात मी लोकांना हाच प्रश्न विचारायचे. उत्तर देता न येणारे लोक कसे उभे राहतात ते मला चांगलं माहीत होतं. मी तशी उभी होते.

एमेट माझ्यामागून पुढे आला. "मॅडम, हिच्याबरोबर मी अर्धं आयुष्य काम केलंय. वाकडं दिसलं की हिचा हात राहत नाही. माझ्या भाचीच्या लग्नात हिनं लोकांच्या घरातल्या तसबिरी सरळ केल्या. पण सरळ असलेली गोष्ट वाकडी करायला सांगा, हिच्यानं व्हायचं नाही."

पेटिग्रूबाई हसल्या. मग म्हणाल्या, "कोणाचं खरं ते ओळंबा सांगेल," आणि गाडीतून दोरी आणि पितळी ओळंबा काढला.

दलाचा एक माणूस वर गेला आणि बाबोंच्या खोलीच्या खिडकीतून त्यानं दोरी सोडली. ओळंबा हलत हलत थांबला. खाली तो भिंतीला टेकायला हवा होता. भिंत आणि त्याच्या मध्ये माझा अख्खा हात कोपरापर्यंत गेला असता. पेटिग्रूबाईंनी हॉककडे बघितलंही नाही. "वर कोण आहे?" एवढंच विचारलं.

बाबो वर होते. उतरायला तयार नव्हते. कॉफीचं तांब्याचं भांडं मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणाले. भांडं मिळालं. मग म्हणाले, चपला. शेवटी एमेटनं त्यांना खुर्चीसकट उचललं, आणि खाली येईपर्यंत बाबो त्याला रस्ता सांगत होते : डावीकडे, जपून, गाढवा, डावीकडे.

दारावर आत जायला मनाई करणारी लाल नोटीस लागली. फहिरा रस्त्यापलीकडे एप्रनवरच उभी होती. मी तिच्याजवळ गेले.

"तुम्ही नाही म्हणाला होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी त्यांची खाट परत भिंतीशी लावली. तुमच्या शब्दावर. तुम्ही येऊन गेल्यावर एमेटनी ती हलवायला लावली होती."

हे मला माहीत नव्हतं. ती आणखी काही बोलेल म्हणून थांबले. ती वळून बाबोंच्या खुर्चीजवळ गेली.

३ सप्टेंबर

काल दुपारी जोराचा पाऊस झाला. भिंत प्लॉटच्या बाजूला कोसळली, वरचा मजला घेऊन. आत कोणी नव्हतं. एमेटनं लांबून फोटो काढले. एकात खड्ड्यातल्या पाण्यात खाटेचे पाय वर आलेले दिसतात. या फोटोला मी काही केलं नाही. उजेडसुद्धा वाढवला नाही.

१६ सप्टेंबर

हॉकच्या वकिलाचं बोलावणं आलं, मग नगरपालिकेचं. मूळ फायली दिल्या, दुरुस्त केलेल्याही दिल्या. फहिराच्या वकिलानं विचारलं तेव्हा जूनमधला फोनही सांगितला. कॅलेंडर रद्द. दुसऱ्या रांगेचं कामही अर्थातच नाही. वर्तमानपत्रातल्या ओळखीच्या एकानं बातमीसाठी फोन केला, मी एमेटचा नंबर दिला.

फहिरानं बेव्हो भागातल्या चर्चच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून चार दिवस बुरेक विकायला सुरुवात केली आहे. गेले होते. तिनं दिला, पैसे घेतले, सुटे परत केले. पूर्वी माझ्या पुड्यात एखादा जास्तीचा टाकायची.

२ ऑक्टोबर

आज सकाळी एमेट आला, कोट खुंटीला लावला. मी ठरवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं.

"लेन्स बिघडलीय असं हॉकला मी सांगितलं होतं. जूनमध्ये."

"माहीत आहे. त्याच संध्याकाळी त्यानं मला ऐकवलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारशील म्हणून थांबलो होतो." तो त्याच्या खुर्चीत बसला. "तू माझी बॅग तपासलीस. माझ्या मागावर मॅपलवुडपर्यंत आलीस. रोझ, पलीकडे हिरवी गाडी घेऊन बसलेली बाई दिसत नाही होय? सगळं केलंस. विचारलं तेवढं नाहीस."

"विचारलं होतं. तू म्हणालास, ती तशीच आहे."

"मग?"

भागीदारी मोडायला वकिलाकडे जाणार होते, तेही सांगितलं. तो म्हणाला, "दारावरचं नाव खरवडायचं असेल तर तुझं तू खरवड. मी रंग देणार नाही." आणि कॅमेरा साफ करायला लागला.

तो का थांबला आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. दुसरं काम सोपं मिळालं असतं त्याला. यात त्याचा काय फायदा आहे, याचा मी दिवसभर विचार केला. हाती काही लागलं नाही.

२० ऑक्टोबर

डाउनटाउनमधल्या जुन्या विमा कंपनीच्या इमारतीचं छोटं काम आलंय. एमेट सकाळीच फोटो काढून तिथूनच पुढे गेला, फायली दुपारी आल्या. तारा नाहीत, खांब नाहीत. फक्त सगळ्यात वरच्या दगडी कंगोऱ्यावर एक काळसर डाग. कबुतरांची घाण किंवा पाण्याचा ओघळ असणार. शेजारचा भाग डागावर उमटवायचं शिक्क्याचं साधन उचललं, शेजारचा स्वच्छ दगड निवडला.

मग ते खाली ठेवलं आणि एमेटला फोन केला.

"कंगोऱ्यावर उजवीकडे काळं काय आहे?"

"ससाणा," तो म्हणाला. "मी होतो तेवढा वेळ बसून होता. ठेवायचा की काढायचा ते तू बघ."

"ठेवते," मी म्हटलं.

फोन बंद केल्यावर तो भाग मोठा करून पाहिलाच. ससाणाच होता.